चोवीस पत्त्यांचा कॅट: साउइन ते लूनसा

मागच्या नोंदीत नुसता कागद आणला होता. आता कॅट झालाय. म्हणजे तेवीस पत्ते झालेत, चोविसाव्याचं रडगाणं शेवटी.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: हा घरी रंगवलेला ओरॅकलचा, म्हणजे पत्ता काढून कौल घ्यायचा कॅट. त्यात आयर्लंडच्या जुन्या ओगम लिपीची वीस अक्षरं, अधिक जुन्या आयरिश वर्षाचे चार सण: साउइन, इम्बोलक, ब्यालतना, लूनसा. टॅरोला ७८ पत्ते लागतातच, ओरॅकलच्या कॅटला आकड्याचं बंधन नाही. माझा आकडा कागदानेच ठरवला. ए-फोर कागदावर ७ बाय १२ सेंटीमीटरचे सहा पत्ते बसतात, चार कागद म्हणजे चोवीस. वीस आणि चार. एवढं जुळल्यावर मला तो शुभशकुनच वाटला, आणि तिथेच फसले.

साउइनला, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, कापायला बसले. (स्पेलिंग बघून 'सॅमहेन' म्हणू नका. इथे आयर्लंडमधले लोक म्हणतात ते आपल्या कानाला जवळजवळ 'सावन' ऐकू येतं, आणि आधुनिक आयरिशमध्ये ते नोव्हेंबर महिन्याचं नावच आहे.) ए-फोरची रुंदी बरोबर २१ सेंटीमीटर, म्हणजे तीन पत्त्यांत कणभरही शिल्लक राहत नाही. पट्टी जरा हलली की तिसरा पत्ता बारीक. माझे चार पत्ते बारीक झाले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तसेच रंगवले.

आता गंमत ऐका. नोव्हेंबरात रोज सकाळी चहाबरोबर एक पत्ता काढायला लागले, तर 'लुश' हे अक्षर सारखं येऊ लागलं. एकदा सलग तीन दिवस. मध्ययुगीन हस्तलिखितांत प्रत्येक अक्षराला एकेक कूटवाक्य दिलेलं आहे, अगदी आपल्या जुन्या उखाण्यांसारखं. लुशचं आहे 'डोळ्यांचा आनंद', म्हणजे रोवनचं झाड. मी वहीत भारावून पानंच्या पानं लिहिली: मला सौंदर्याकडे वळायला सांगितलं जातंय, ऑफिसच्या कामातून मान वर करायला हवी, वगैरे. दोन आठवड्यांनी पत्ते पिसताना अंगठ्याला कळलं की हा पत्ता बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर बारीक आहे आणि बोटं आपोआप तिथेच अडकतात. त्याच दिवशी सगळे पत्ते ६.८ सेंटीमीटरवर आणले. लुश त्यानंतर महिनाभर आलं नाही. कॅट घरी करणाऱ्यांनो, रंगवण्याआधी डोळे मिटून पिसून बघा.

पण वहीतली ती पानं फाडली नाहीत. पत्ता चुकीच्या कारणाने आला होता, तरी त्या तीन दिवसांत मी खरंच जेवणाच्या सुट्टीत बाहेर फिरून आले होते. तेव्हापासून पद्धत बदलली. आधी प्रश्न लिहायचा, मग पत्ता काढायचा. 'आज काय होईल' हा प्रश्न बाद. 'मी काय टाळतेय' हा चालतो. डिसेंबरात त्या प्रश्नावर 'ऊअ' निघालं. नावाचा अर्थ भीती, कूटवाक्य 'लांडग्यांचा कळप'. घरमालकांना करायचा फोन आठ दिवस टाळत होते, तो त्या संध्याकाळी केला. कळपबिळप काही नव्हता, पाच मिनिटांचं बोलणं.

अक्षरांबद्दल एक खुलासा, कारण मलाही हे उशिरा कळलं. ओगम म्हणजे झाडांची वर्णमाला असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण सगळी नावं झाडांची नाहीत. 'गोर्त' म्हणजे शेत, 'रुश' म्हणजे लाल. झाडांचं तेरा महिन्यांचं 'केल्टिक' कॅलेंडर कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १९४८ साली मांडलं, ते काही पुरातन नाही. शिलालेखांवर बहुतेक नावंच आहेत, अमक्याचा मुलगा तमका, दगडाच्या कडेवर खालून वर कोरलेली. भविष्य पाहण्याचा तिथे मागमूस नाही. हे चार धरून आठ सणांचं वर्षचक्र सांगतात, तेही १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवलेलं. म्हणून मी चारच सण घेतले.

आणि हे चार भलतेच व्यवहारी निघाले. साउइनला गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची. पुढच्या काळात जमिनीचा खंड भरायचे दिवसही मे आणि नोव्हेंबरातच. इम्बोलकला, १ फेब्रुवारीला, वैरण मोजायची: निम्मी उरली असेल तर हिवाळा निभावेल. माझ्याकडे वैरण नाही, गोडा मसाला आहे. आईने दिवाळीला पाठवलेली बरणी उघडली तर तळापासून दोन बोटं. आता इम्बोलकच्या पत्त्यावर प्रश्न तोच आहे, 'निम्मं उरलंय का?', आणि तो पैशांना, रजांना, झोपेला सगळ्यालाच लागतो. माझ्या कॅटमधला सगळ्यात कामाचा पत्ता हाच.

आदल्या रात्री, ३१ जानेवारीला, संत ब्रिजिटच्या नावाने कापड बाहेर ठेवायची इथली रीत आहे. मीही सुती रुमाल कुंपणावर टाकला. सकाळी तो पापडासारखा कडक. वाळवून आता कॅट त्यातच गुंडाळते. लव्हाळ्याच्या गवताचा क्रॉसही विणला. ते गवत कापत नाहीत, उपटतात. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते, त्यामुळे निवांत वेळ होता.

मार्चमध्ये एक लबाडी केली. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ साली ब्राँझचं गॉलिश, म्हणजे जुन्या फ्रान्समधल्या गॉल लोकांचं पंचांग सापडलं. पाच वर्षांचं, त्यात दोन अधिक महिने, आणि प्रत्येक महिन्याचे दोन भाग. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात नवल काय गं? चंद्र तर एकच आहे." आयर्लंडच्या कॅटमध्ये गॉलचं पंचांग मिसळणं बरोबर नाही, मला माहीत आहे, पण तेव्हापासून दर पंधरवड्याला मागची पानं चाळते. रोजच्या नोंदीत न दिसणारं तिथे दिसतं. जूनभर मी एकच प्रश्न नऊ वेळा विचारला होता, शब्द फिरवून.

लूनसाचा पत्ता १ ऑगस्टला पुरा झाला. नव्या बटाट्यांचा सण, त्याआधीचा जुलै म्हणजे उपासमारीचा महिना. चित्रात फक्त रिकामी टोपली आणि मातीचे हात. हात बरे जमलेत.

राहिला ब्यालतना, १ मेचा. दोन शेकोट्यांमधून गुरं हाकत, रोगराई टळावी म्हणून. त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ कुणाला द्यायचं नाही, हे आपल्या तिन्हीसांजेच्या नियमाइतकं ओळखीचं वाटलं. शेकोट्या जमतात, धूर जमतो. गाय चार वेळा काढली आणि चारही वेळा पोळ्याचा बैल झाला, शिंगांना बेगड लावायचीच बाकी. शेजारच्या शेतात काळ्या गाई आहेत. या शनिवारी वही घेऊन कुंपणाशी उभी राहणार आहे, पाऊस नसला तर.