मावशी, दोन किल्ल्या आणि नऊ मेगाटन

अ‍ॅरिझोनात टूसॉनहून दक्षिणेला नोगालेसकडे जाणारा आय-१९ हा रस्ता अमेरिकेत असूनही अंतरं किलोमीटरमध्ये सांगतो. कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना मेट्रिक पद्धतीचं वारं आलं होतं, ते गेलं आणि पाट्या राहिल्या. मैलांचे किलोमीटर करून वैतागलेली मावशी खूश झाली. "एक तरी रस्ता शहाणा निघाला म्हणायचा."

एक्झिट ६९ ला बाहेर पडलं की पश्चिमेला तांब्याच्या खाणींचे सपाट माथ्याचे ढिगारे, पूर्वेला सांता रीटाचे डोंगर आणि मधे ग्रीन व्हॅली हे निवृत्त लोकांचं गाव. गावाला लागूनच तारेच्या कुंपणात टायटन मिसाइल म्युझियम आहे. बघण्यासारखं जमिनीवर फारसं काही नाही. खडी पसरलेलं आवार, दोन-चार अँटेना आणि सापांपासून जपून राहा अशी पाटी. सगळा खेळ जमिनीखाली.

माझा मावसभाऊ चँडलरला असतो. मावशी त्याच्याकडे आलेली, मी कामानिमित्त त्याच बाजूला होते, म्हणून तिघं निघालो. त्याला सॅग्वारो निवडुंगांचं जंगल दाखवायचं होतं. हट्ट माझा होता. शीतयुद्ध माझ्या पिढीच्या घरात वह्यांच्या कव्हरांतून आलं. 'सोव्हिएत देश' या रशियन नियतकालिकाचा गुळगुळीत कागद म्हणजे चैनच. एका वहीवर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई, दुसरीवर अंतराळवीर. कुणाच्या घरी अमेरिकन वकिलातीचं 'स्पॅन' यायचं, त्यांच्या वह्यांवर गगनचुंबी इमारती. दोन्हीकडची माणसं सारखीच टवटवीत दिसायची. एकमेकांना पृथ्वीवरून पुसून टाकायची तयारी करून ती बसली आहेत, हे कव्हरवरून कळायला मार्ग नव्हता.

अमेरिका आणि रशियाचं भांडण मुळात होतं माणसाने कसं जगावं याचं. १९५९ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची जुंपली ती चक्क एका नमुन्याच्या स्वयंपाकघरात, कपडे धुण्याची यंत्रं आणि घरं कुणाकडे चांगली यावरून. आणि चार वर्षांत, १९६३ मध्ये, अमेरिकेची टायटन-२ ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं कामावर रुजू झाली. एकूण ५४. टूसॉनभोवती १८, कॅन्सासमध्ये विचिटाभोवती १८, आर्कान्सामध्ये १८. प्रत्येकावर नऊ मेगाटनचा एक बॉम्ब, म्हणजे हिरोशिमावरच्या सुमारे ६०० पट. पल्ला दहा हजार किलोमीटरच्या आसपास, पोचायला साधारण अर्धा तास.

खाली जायला ५५ पायऱ्या. मावशीचे गुडघे बघून मी लिफ्टचं विचारणार होते, तोवर ती कठडा धरून निम्म्यावर पोचली होती. उंच लोकांना डोक्यावर घालायला हेल्मेट देतात. आमच्या घराण्यात त्याची गरज कुणालाच पडत नाही.

आमचा गाइड पंच्याहत्तरीचा, तरुणपणी अशाच एका सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्राच्या भूमिगत विहिरीपाशी, ड्यूटी केलेला. त्याने आधी आत शिरण्याची रीत सांगितली. ड्यूटीवर येणाऱ्याने फाटकावरून फोन करायचा, आत आलं की कागदावर लिहून आणलेला संकेत वाचून दाखवायचा, आणि आतून होकार आला की तो कागद तिथेच लाल डब्यात जाळायचा. मावशी सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत हेड कॅशियर होती. कागद जाळायचा, हे तिला पटेना. "आम्ही चिटोरंसुद्धा फाइलला लावायचो," ती माझ्या कानात म्हणाली.

पुढे सुमारे तीन टनांचे पोलादी दरवाजे. ते इतके नेमके तोललेले आहेत की एक माणूस हाताने हलवतो. आणि मग नियंत्रण कक्ष. तीन मजल्यांचा हा सांगाडा भिंतींना टेकवलेलाच नाही, आठ प्रचंड स्प्रिंगांवर टांगलेला आहे. जवळपास अणुबॉम्ब पडला तर जमीन हादरेल, आतली माणसं आणि यंत्रं झुलतील पण शाबूत राहतील, आणि उलट हल्ला करता येईल, असा हिशोब. मी एका स्प्रिंगपाशी उभी राहिले. माझ्या मांडीएवढ्या जाडीची असेल. तिच्यावर पोपटी-हिरव्या रंगाचे इतके थर चढलेत की वेटोळ्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत. वर्षानुवर्षं कुणीतरी नेमाने रंग दिला असणार. बाकी खोली सरकारी कचेरीच्या रंगाची. राखाडी कपाटं, दिव्यांची बटणं, जाडजूड फायली, भिंतीवर घड्याळ, आणि एकट्याने पाऊल ठेवायचं नाही अशी ताकीद देणाऱ्या पाट्या. ड्यूटी चोवीस तासांची, चौघांची: दोन अधिकारी, दोन तंत्रज्ञ. १९७८ पासून बायकाही होत्या.

गाइडने कमांडरच्या खुर्चीत कोण बसणार असं विचारलं आणि मी वळून बघेपर्यंत मावशीचा हात वर. चुडीदार, पांढरे स्पोर्ट्‌स शूज, खांद्याला पर्स अशी ती खुर्चीत बसली. घंटा वाजली, स्पीकरवरून अक्षरांची मालिका आली. दोन्ही अधिकारी ती वेगवेगळी लिहून घेत, मग ताडून पाहत. जुळली तर लाल तिजोरी उघडायची. तिजोरीला दोन कुलपं, दोघांची आपापली, एकाचे आकडे दुसऱ्याला ठाऊक नाहीत. आत संकेतपत्रं आणि दोन किल्ल्या. किल्ल्यांची भोकं इतकी लांब लांब की एकाचे हात दोन्हीकडे पोचूच नयेत. एकाच वेळी फिरवायच्या आणि थोडा वेळ धरून ठेवायच्या.

"ही तर जॉइंट कस्टडी!" मावशी मराठीतच म्हणाली. स्ट्राँगरूमची एक किल्ली तिच्याकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे, यातच तिचं नोकरीचं आयुष्य गेलेलं. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा गाइडला भारी मजा वाटली. मग त्याने तीन-दोन-एक म्हटलं, आणि मावशीने सराईतपणे किल्ली फिरवली. एकेक दिवा लागत गेला. खऱ्या काळात इथून पुढे ५८ सेकंदांत क्षेपणास्त्र विहिरीबाहेर, आणि मधे थांबवायची सोय नाही.

समोर तीन बटणं होती, लक्ष्य १, २ आणि ३. दोनवर दिवा लागलेला. मावशीने विचारलं, "हे कुठलं गाव?" गाइड म्हणाला, आम्हाला सांगत नसत, ते आजही गुप्त आहे. "आणि तुम्ही विचारलं नाहीत?" तो थांबला आणि म्हणाला, माहीत नव्हतं तेच बरं होतं. मावशीला हे उत्तर आवडलेलं नाही हे तिच्या पर्सच्या चेनवरून कळलं. ती दोनदा उघडून बंद झाली. वर आल्यावर म्हणाली, "मला निदान आकडा तरी माहीत असायचा."

मला तिथे राहून राहून वाटत होतं की ज्या भांडणापायी हे सगळं खोदलं, त्याचा मागमूस खाली नाही. भांडवलशाही नाही, साम्यवाद नाही, ख्रुश्चेव्हचं 'आम्ही तुम्हाला गाडू' नाही. आहेत फक्त तपासणीच्या याद्या. ही क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या 'स्ट्रॅटेजिक एअर कमांड' या दलाचं ब्रीद होतं 'शांतता हाच आमचा व्यवसाय', आणि खालच्या माणसांनी तो खरोखर व्यवसायासारखाच केला: वेळेवर येऊन, नोंदी करून, पुढच्या पाळीला ताबा देऊन. रशियात यांच्यासारखेच कुणी यांच्या गावांकडे नेम धरून अशाच नोंदी करत असणार. धाक बसला म्हणून युद्ध टळलं, असं गाइडचं ठाम मत. धाक होता हे खरं, पण नशीबही होतं. १९८० च्या सप्टेंबरात आर्कान्सात डमॅस्कस गावाजवळच्या सायलोत देखभालीच्या वेळी पान्याचं सॉकेट हातातून निसटलं, खाली पडून आपटलं आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेलं. टायटन-२ चं इंधन आणि त्याचं ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन) एकमेकांना नुसते भिडले तरी पेटतात. काही तासांनी स्फोट झाला, झाकण उडालं, एक जवान गेला, आणि नऊ मेगाटनचा बॉम्ब बाहेर जाऊन पडला. तो फुटला नाही. तिथे शत्रू नव्हता, विचारसरणी नव्हती. एक पाना होता.

नियंत्रण कक्षापासून लांबलचक बोगद्यातून गेलं की काचेतून क्षेपणास्त्र दिसतं. ३० मीटरहून उंच, विहीर त्याहून खोल. ते आत उभं असलं तरी पोकळ आहे. १९८० च्या दशकात टायटन-२ मोडीत काढली, १९८७ मध्ये शेवटचं गेलं, आणि हे एक ठिकाण राखलं. राखताना ते निकामी असल्याची सोव्हिएत उपग्रहांना खात्री पटावी म्हणून टोकाला भोक पाडलं आणि ७६० टनांचं झाकण अर्धवट उघडं ठेवून पुढे काँक्रीटचे अडसर घातले. आता वर काच आहे. आपण वरून वाकून बघतो तेव्हा ज्याने कोणी आकाशातून बघितलं असेल त्याला दिसलं तेच आपल्याला दिसतं.

कुणी जाणार असेल तर फेरीचं आरक्षण आधी करा, गर्दी असते. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या; खाली गार असतं, पण वरच्या खडीवर दुपारी उभं राहवत नाही. टूसॉनमध्ये निवृत्त लष्करी विमानांचं स्मशानही आहे. अण्वस्त्रकपातीच्या करारानुसार तुकडे केलेली बी-५२ बॉम्बफेकी विमानं तिथल्या वाळवंटात अशीच उघड्यावर मांडून ठेवली होती, रशियनांना मोजता यावीत म्हणून. आम्हाला तिकडे जायला जमलं नाही. मावसभावाने निवडुंगांचा हट्ट सोडला नव्हता.