वकील न लावता परस्परसंमतीचा घटस्फोट: माझा अनुभव, मुख्यतः एका खिडकीचा

आमचा अर्ज चार वेळा परत आला, तो दोन शब्दांपायी. एक 'सुमारे' आणि दुसरा 'ऊर्फ'. पहिला नको तिथे लिहिला होता, दुसरा हवा तिथे लिहिला नव्हता. ज्या गोष्टींची लोक धास्ती घेतात, म्हणजे न्यायाधीशांपुढे उभं राहणं, समुपदेशकांचे प्रश्न, ते सगळं सरळ पार पडलं. म्हणून यातली निम्मी जागा त्या छाननीच्या खिडकीलाच जाणार आहे, इलाज नाही.

दोघांची संमती पक्की असेल, पैशाचं आणि मुलांचं बोलून झालं असेल आणि तारखेला दोघंही येऊ शकत असतील, तरच वकिलाशिवाय जा. एकानेच लावलेला, आरोप-प्रत्यारोपांचा दावा असेल तर यातलं काही कामाचं नाही. 'वकील कुठाय?' असं कोणी विचारलं तर बिचकू नका. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, उलट वकिलालाच कोर्टाची परवानगी लागते. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. तिथेही स्वतः उभं राहता येतं.

कलम नीट बघा. हिंदू पद्धतीने लग्न लागलं असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम १३-ब. विवाह अधिकाऱ्यासमोर विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केलं असेल तर कलम २८. 'आमचं लग्न रजिस्टर आहे' एवढ्यावरून दुसऱ्यात पडू नका. कार्यालयात अक्षता पडल्या आणि नंतर महापालिकेत नोंद केली, तर ती १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखालची नुसती नोंद असते आणि तुमचं कलम १३-बच राहतं. दाखल्याच्या डोक्यावर कायद्याचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. (गोव्यात नोंदलेल्या लग्नाला तिथला वेगळा नागरी कायदा आहे, ही वाट तिकडे चालत नाही.)

कुठलं कोर्ट? लग्न जिथे लागलं, शेवटी एकत्र जिथे राहिलात किंवा बायको सध्या जिथे राहते, यातलं सोयीचं गाव निवडा. निवडलेल्या गावाचा पुरावा जोडावा लागतो, एवढंच.

आता ती खिडकी.

अर्ज आधी छाननीला जातो. तिथला कारकून कायद्याचा वाद घालत नाही. तो कागदाला कागद जुळवून बघतो आणि जिथे पहिली चूक सापडते तिथे थांबतो. पुढचं वाचत नाही. माझा सगळा राग या एका सवयीवर आहे. आमच्या अर्जात लिहिलं होतं, 'सुमारे जून २०२२ पासून आम्ही विभक्त राहत आहोत.' त्याने 'सुमारे'खाली पेन्सिलीने रेघ मारून अर्ज सरकवला. मी चिडून परत आले, पण त्या शब्दापुरतं त्याचंच बरोबर होतं. कलम १३-ब मध्ये किमान एक वर्ष वेगळं राहण्याची अट आहे आणि ते वर्ष मोजायचं तर दिवस लागतो. 'सुमारे'पासून काहीच मोजता येत नाही.

अर्जात १२ जून २०२२ घातली. दुसऱ्या खेपेला परत, कारण शपथपत्रात 'जून २०२२' तसंच राहिलं होतं आणि जोडलेला भाडेकरार १ जुलैपासूनचा होता. भाडेकराराची तारीख वेगळी असली तर बिघडत नाही, पण त्याचं कारण अर्जात यावं लागतं: '१२ जूनला घर सोडलं, ३० जूनपर्यंत माहेरी, त्यानंतर भाड्याने.' एवढं एक वाक्य घातलं आणि तो आक्षेप गेला. दोघं एकाच छपराखाली राहूनही विभक्त असू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. पण तुमचं तसं असेल तर 'त्या तारखेपासून पती-पत्नी म्हणून संबंध नाहीत' असं स्वच्छ लिहा, नाहीतर दोघांचा एकच पत्ता बघून अर्ज अडतो.

तिसरी खेप 'ऊर्फ'ची. लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर सासरच्या आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. खिडकीच्या दृष्टीने या तीन बायका झाल्या. अर्जाच्या शीर्षकात 'अमुक ऊर्फ तमुक' असं लिहिलं आणि एका परिच्छेदात 'ही सर्व नावे अर्जदार क्र. १ चीच आहेत' असं नमूद केलं की भागतं. हे जवळजवळ प्रत्येक बाईच्या बाबतीत होणार, म्हणून पहिल्या दिवशीच घाला. चौथ्यांदा अर्ज परत आला तो, तोच 'ऊर्फ' संमतीच्या अटींवर (पैसे, मुलं यांबद्दल दोघांचं जे ठरलं त्याचा कागद) आणि पडताळणीच्या मजकुरात ('वरील मजकूर खरा आहे' असं अर्जाखाली लिहितात तो) नव्हता म्हणून.

म्हणजे गोम अशी: नावं आणि विभक्त झाल्याची तारीख ही पाच ठिकाणी येतात. अर्ज, त्याखालची पडताळणी, दोघांची शपथपत्रं, संमतीच्या अटी आणि अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट माफ करण्याचा अर्ज. एका जागी खाडाखोड केली की पाचही जागी करायची. कागद देण्याआधी पाचही गठ्ठे टेबलावर शेजारी-शेजारी मांडून बोट ठेवून वाचा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. आम्ही चौथ्या खेपेनंतर हे केलं. घटस्फोट घेणाऱ्या दोन माणसांनी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून एकमेकांना वाचून दाखवावं, यातली गंमत तेव्हा कळली नाही.

आणि पहिल्याच खेपेला म्हणा, 'सगळ्या हरकती एकदम लिहून द्या.' तोंडी नाही, लिहून. हे मी तिसऱ्या खेपेला म्हणाले आणि त्याच दिवशी पानांवर क्रमांक नाहीत, दोन पानांवर समोरच्याची सही राहिलीय, पत्त्याचा मेमो (पत्ता कळवणारा वेगळा कागद) नाही, हे सगळं एका चिठ्ठीत मिळालं. त्याआधीचे दोन हेलपाटे फुकट गेले. खिडकीतून परत आलेल्या अर्जाचे दिवस कुठेच धरले जात नाहीत, पुढचे सहा महिने अर्ज दाखल झाल्या दिवसापासून मोजतात.

टायपिंगवाल्याबद्दल: कोर्टाबाहेरचे बरेच टायपिंगवाले जुन्या फाँटमध्ये काम करतात. फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणली की 'अर्जदार'च्या जागी नुसती चिन्हं दिसतात आणि एक शब्द बदलायलाही पुन्हा त्याच्याच दुकानात जावं लागतं. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, किंवा घरी स्वतः करा. कागद कुठल्या आकाराचा, समास किती, प्रती किती, हे आधी खिडकीवर विचारा. शपथपत्रासाठी कोणी पाचशेचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

कागदपत्रं फार नाहीत. लग्नाचा दाखला, तो नसेल तर पत्रिका आणि लग्नातला दोघांचा फोटो. दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो. सगळ्याची मूळ प्रत प्रत्येक तारखेला जवळ ठेवा.

संमतीच्या अटी मात्र घाईत लिहू नका. पोटगी एकरकमी की दरमहा, की दोघांनी सोडली. स्त्रीधनाची यादी, वस्तूवार, 'परत मिळाले' किंवा 'अमुक तारखेला मिळेल' अशी. मूल असेल तर ताबा कोणाकडे, भेट कोणत्या वारी, किती ते किती, शाळेची फी कोण भरणार. 'भेट सोयीनुसार' लिहिलं की पुढे गैरसोयीनुसार भांडण. मुलाचा खर्च आईने 'माफ' केला असं लिहून मुलाचा हक्क जात नाही, कोर्ट त्यावर हटकतं.

पैसे डिमांड ड्राफ्टने द्यायचे असतील तर ड्राफ्ट अर्जाच्या वेळी काढू नका. त्याची मुदत तीन महिने असते आणि शेवटची तारीख सहा महिन्यांनी. अंतिम जबाबाच्या आठवड्यात काढा आणि त्याचा क्रमांक जबाबात नोंदवून घ्या.

दोन ठिकाणी वकिलाचे पैसे वाचवू नका. दोघांच्या नावावर कर्जाचा फ्लॅट असेल तर तुमच्या अटी बँकेला बांधत नाहीत, कर्जातलं नाव तसंच राहतं. हक्कसोडपत्र वेगळं नोंदवावं लागतं. आणि ४९८-अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा गुन्हा (१ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणांत भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दाखल असेल तर 'सर्व तक्रारी मागे घेत आहोत' या एका ओळीने तो मिटत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. बाईला परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो, तिथे बायकांना उत्पन्नाची अट नाही.

समुपदेशकांकडे आधी एकेकट्याला, मग दोघांना बसवतात. जबरदस्ती आहे का, नीट विचार केलाय का, एवढंच बघतात. तिथे जुनी भांडणं उकरायची गरज नाही. समेट झाला नाही असा अहवाल जातो आणि फाइल पुढे सरकते.

सहा महिन्यांचं: कलम १३-ब(२) प्रमाणे अर्जानंतर किमान सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा मागणी करायची. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. त्यासाठी अर्ज करण्याआधीच दीड वर्ष वेगळे राहत असायला हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे खरोखर मिटलेलं असावं. माफीचा अर्ज पहिल्या मागणीनंतर, म्हणजे मूळ अर्ज मांडल्यानंतर, आठवड्याने करता येतो. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये अर्ज केला. १२ जून २०२२ पासून दीड वर्ष १२ डिसेंबर २०२३ ला भरलं होतं, म्हणून माफी मिळाली. 'सुमारे जून' राहिलं असतं तर हाच हिशेब अडला असता. त्या कारकुनाला हे श्रेय द्यायला जड जातं, पण द्यावं लागतं. माफी कोर्टाच्या मर्जीवर आहे, मागितली की मिळतेच असं नाही.

एक जण परदेशात असेल तर त्याच निकालात व्हिडिओवरून हजेरीची आणि आई-वडील किंवा भावंडांमार्फत बाजू मांडण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी वेगळा अर्ज आधीच द्या, तारखेच्या दिवशी नाही.

तारखेला बोर्डावर आपला क्रमांक बघा आणि पुकारा ऐकू येईल असं उभं राहा. मी चहाला गेले आणि पुकारा झाला. परत घेतला, पण दुपारनंतर. जबाबात विचारतात ते ठरलेलं: लग्न कधी झालं, वेगळे कधीपासून, संमती स्वखुशीने आहे का, अटी मान्य आहेत का. तारीख तोंडपाठ असू द्या. हो, तीच तारीख. मध्यंतरी प्रकरण कुठवर आलंय ते सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकाने (प्रकरणाचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतं, विचारायला खिडकीवर जाऊ नका.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला मागा, प्रत्येकी किमान तीन. पासपोर्ट आणि बँकेला हीच नक्कल दाखवावी लागते, साधी झेरॉक्स चालत नाही. भविष्य निर्वाह निधीतलं नामनिर्देशन आपणहून बदला, ते आपोआप बदलत नाही. आणि नक्कल हातात पडली की खिडकी सोडण्याआधी तिथेच उभं राहून नाव वाचा. माझ्या नकलेत 'ऊर्फ' गळला होता.