माऊस दहा सेंटिमीटर सरकवला तेव्हा

सोमवारी सकाळी साडेनऊला शीट उघडली तेव्हा तीत २१२ रिव्ह्यू होते आणि त्यांतले ८३ उलट्या अंगठ्याचे. म्हणजे ६१ टक्के लोकांना गेम आवडला होता, आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात त्याच्या नावाखाली ‘संमिश्र’ असा शिक्का बसला होता. ४० ते ६९ टक्क्यांत कुठेही असलात तरी शिक्का हाच. ७० गाठल्याशिवाय तो निघत नाही. गेम म्हणजे दोघांनी मिळून केलेला झोंबी शूटर. एक प्रोग्रॅमर, एक आर्टिस्ट, झोंबींची मॉडेलं विकत घेतलेली, आवाज काही विकतचे, काही घरी रेकॉर्ड केलेले. टेस्टिंग आणि रिव्ह्यू वाचणं माझ्याकडे.

रिव्ह्यू मी तारखेने लावत नाही. लिहिताना माणूस किती मिनिटं खेळला होता हा आकडा स्टीम प्रत्येक रिव्ह्यूसोबत देतं. शीट त्या आकड्याने लावायची. कारण सरळ आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत केला तर पैसे मिळतात. म्हणून पहिल्या दोन तासांत जे खटकतं ते विक्रीवर थेट येऊन आदळतं. दहा तास खेळून ‘मॅप तीनच आहेत’ म्हणणारा माणूस रागावलेला असला तरी तो राहिलेला असतो. अठराव्या मिनिटाला ‘डोकं गरगरतं’ लिहिणारा गेलेला असतो.

तशी शीट लावल्यावर तीन थर दिसले. पहिल्या वीस मिनिटांत: गरगरतं, नेम निसटतो, माऊस विचित्र वाटतो. चाळीस ते नव्वद मिनिटांत: हेडशॉट लागत नाही, बंदुकीतून गोळीच सुटत नाही. पाच तासांच्या पुढे: गोळ्या अपुऱ्या, मॅप कमी. ‘हे तर विकतचे झोंबी, दुसऱ्या गेममध्ये पाहिलेत’ ही तक्रार तिन्ही थरांत होती, पण ती करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी अंगठा सुलटाच दिला होता. स्वस्त गेमच्या बाबतीत हे मी वारंवार पाहिलंय. दिसण्यातली गरिबी खेळाडू समजून घेतात. हाताला जे लागतं त्यातली चूक ते माफ करत नाहीत, आणि करूही नये.

कमी पैशात शूटर करायचा तर झोंबी का, हेही यातच आहे. झोंबीला आडोसा शोधायचा नसतो, बंदूक धरायची नसते, बोलायचं नसतं. रस्ता शोधून खेळाडूकडे चालत यायचं, एवढंच. किलिंग फ्लोअर हा आज मोठा वाटणारा गेमसुद्धा २००५ साली अनरिअल टूर्नामेंट २००४ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी त्यात फेरफार करून बनवलेला गेम, म्हणून जन्मला आणि २००९ मध्ये विकायला आला. शत्रू साधा असला की सगळा भार नेमावर आणि बंदुकीवर येतो. ते दोन्ही पक्के असले तर बाकीचं हळूहळू सुधारता येतं.

दहा वाजता प्रोग्रॅमरचा फोन आला.

“ताई, हिटबॉक्स मी शुक्रवारीच २० टक्के मोठा केलाय. तरी लागत नाही म्हणतायत. आणखी मोठा करू?”

“थांब जरा. काल एकाने उलटं लिहिलंय. डोक्याच्या बाजूला मारलं तरी झोंबी पडतो, मजाच गेली म्हणतो.”

हिटबॉक्स म्हणजे झोंबीभोवतीचा न दिसणारा साचा. गोळी त्याला लागली की झोंबीला लागली. गेमच्या एकाच बिल्डबद्दल, म्हणजे एकाच तयार आवृत्तीबद्दल, एक जण म्हणतो नेम लागत नाही, दुसरा म्हणतो न धरता लागतो. एकाला माऊस चिखलात फिरवल्यासारखा जड वाटतो, दुसऱ्याला तेलावर घसरल्यासारखा. अशा वेळी आवडनिवड वेगवेगळी असते म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण ‘जड’ म्हणणाऱ्यांचे रिव्ह्यू पुन्हा वाचले तर त्यांतल्या तिघांनी १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरचा उल्लेख केला होता. ‘घसरतो’ म्हणणाऱ्यांत जुने लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलेले. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गेमपॅडवर खेळलो असं लिहिणाऱ्या एकानेही नेमाबद्दल तक्रार केली नव्हती. हिटबॉक्स खराब असता तर तो त्यांच्यासाठीही खराब असता.

टेबलावर सेलोटेपने स्टीलची पट्टी चिकटवली. माऊस पट्टीला टेकवून शून्यापासून दहा सेंटिमीटरपर्यंत सरकवायचा आणि गेममधला कॅमेरा किती अंशात वळला ते पडद्यावरच्या डीबग म्हणजे तपासणीच्या ओळीत वाचायचं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा, ६० ला बांधला: ९० अंश. ३० ला बांधला: १८०. मी पाठमोरी उभी. १४४ ला बांधला: जेमतेम ३७. हात तोच, पट्टी तीच, सेटिंग तेच. तिन्ही वेळा तीन-तीनदा करून पाहिलं, आकडे हलले नाहीत.

यावरून चूक कोणत्या ओळीत आहे ते न पाहताच सांगता येतं. माऊस कॉम्प्युटरला सांगतो की मागच्या फ्रेमपासून आत्तापर्यंत मी इतका सरकलो. फ्रेम लांबली की तो आकडा आपोआप मोठा येतो, वेळ त्यात आधीच धरलेला असतो. कोडमध्ये त्याला पुन्हा फ्रेमच्या वेळेने गुणलं होतं, म्हणजे वेळ दोनदा मोजला गेला. गेमपॅडच्या दांडीचं उलट आहे. ती फक्त ‘मी इतकी कललेय’ एवढंच सांगते, म्हणून तिथे वेळेने गुणावंच लागतं. दांडीसाठी बरोबर असलेली ओळ माऊसलाही लावली गेली होती. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा शूटर करणाऱ्यांच्या कोडमध्ये ही चूक इतक्या वेळा सापडते, की नव्या प्रोजेक्टवर मी आता पट्टी आधी चिकटवते.

झोंबी गेममध्ये ही चूक जास्त चावते, त्याचं कारण झुंड. लॅपटॉपवर रिकाम्या गल्लीत ५८ फ्रेम मिळत होत्या. गोदामात चाळीस झोंबी आत शिरले की २७. म्हणजे जीव वाचवायच्या नेमक्या क्षणी माऊस दुपटीहून जास्त धावायला लागतो. पंधरा मीटरवरच्या झोंबीचं डोकं जेमतेम एक अंश रुंद दिसतं. गल्लीत सरावलेला हात गोदामात तेवढाच हलवला की नेम डोकं ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जातो. खेळाडूला डोक्यावर मारल्यासारखं वाटतं, झोंबी पडत नाही, तो लिहितो ‘हिटबॉक्स मोडलाय’. त्याने सांगितलेला त्रास शंभर टक्के खरा होता, कारण मात्र दुसरं होतं. आणि हिटबॉक्स वाढवल्यामुळे १४४ फ्रेमवाल्यांची, ज्यांचा माऊस आधीच संथ होता, त्यांची मजा विनाकारण गेली.

गरगरण्याचं मूळही इथेच निघालं. फ्रेम एकदम अडखळली की त्या एका फ्रेममध्ये कॅमेरा झटका मारतो. चालताना डोकं वरखाली हलण्याचा परिणाम बंद करायची सोय सेटिंगमध्ये नव्हती, तीही यादीत घातली.

दुपारी जेवायच्या आधी ‘गोळी सुटत नाही’ घेतलं. हे ऐकून तपासायचं असतं, पाहून नाही. हेडफोन लावून गोदामात गेले, बारा गोळ्यांचं मॅगझिन पूर्ण रिकामं केलं. पडद्यावरचा आकडा बरोबर बारा ते शून्य उतरला. आवाज आले सात. उरलेल्या पाच गोळ्या सुटल्या, लागल्याही, पण मुक्या. युनिटी मुळात एका वेळी ३२ आवाजच खरे वाजवतं. त्याहून जास्त झाले की कमी महत्त्वाचे गप्प करतं. चाळीस झोंबी, प्रत्येकाचं कण्हणं आणि पावलं, म्हणजे ऐंशी आवाज तिथेच झाले. महत्त्व ठरवायचा आकडा ० ते २५६, आणि त्यात ० सगळ्यांत महत्त्वाचा. न बदललेला आकडा १२८ असतो. बंदुकीला इथे २०० दिला होता, मोठा आकडा म्हणजे मोठा मान असं समजून. त्यामुळे झुंडीत सगळ्यांत आधी बंदूकच गप्प बसत होती.

बंदूक १० वर आणली, झोंबींचं कण्हणं २०० वर, आणि खेळाडूच्या सगळ्यांत जवळच्या आठच झोंबींना पावलांचा आवाज ठेवला. चाळीस कण्हण्याऐवजी लांबच्यांसाठी झुंडीच्या कल्लोळाची एकच फाईल. ऐकायला हे जास्त भयानक झालं, कारण जवळचं पाऊल आता वेगळं ऐकू येतं. बंदुकीचा आवाजही तेव्हाच तीन तुकड्यांत केला: घोड्याचा खटका, बार, आणि गोदामात घुमणारी शेपूट. ‘बंदूक खेळण्यातली वाटते’ असं अकरा जणांनी लिहिलं होतं. अशा वेळी लोक नुकसानीचा आकडा वाढवतात, पण तो डोळ्याला दिसत नाही. गोळी लागल्या लागल्या झोंबीचा खांदा मागे जायला हवा. इथे तो पावणेदोन दशांश सेकंद उशिरा जात होता, कारण चालण्याचं अॅनिमेशन मिटत मिटत दुसरं सुरू होत होतं. मधलं मिटणं काढलं.

फ्रेम का कोसळतात हे तीन वाजता प्रोफायलर, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लावून पाहिलं. दोन गोष्टी. प्रत्येक झोंबी दर फ्रेमला नवा रस्ता मागत होता. चाळीस झोंबी गुणिले साठ, म्हणजे सेकंदाला २४०० मागण्या. झोंबीला इतकी घाई कशाला? दर पाव सेकंदाला एकदा, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी न मागता विखरून. झाल्या १६०. दुसरं म्हणजे मढी. मेलेलं शरीर बाहुलीसारखं ढिलं पडावं म्हणून युनिटीचा रॅगडॉल विझार्ड एका शरीराचे ११ तुकडे करतो आणि प्रत्येकाला वजन, टक्कर, सांधे देतो. गोदामात तीस मढी पडलेली असताना ३३० तुकडे एकमेकांवर टेकून थरथरत होते. नियम असा केला: पडल्यावर तीन सेकंदांनी शरीर गोठवायचं, आणि बारापेक्षा जास्त झाली की खेळाडूच्या नजरेआडचं सगळ्यांत जुनं काढायचं. नजरेआडचं हे महत्त्वाचं. समोरचं मढं गायब झालेलं लोक लगेच पकडतात आणि तेच लिहितात.

लॅपटॉपवर गोदाम २७ वरून ४४ वर आलं. ६० नाही, पण माऊसची चूक निघाल्यावर ४४ सुद्धा नीट खेळता येतं.

आर्टिस्टला ‘विकतचे झोंबी’ची तक्रार फार लागली होती. नवीन मॉडेल करायला पैसे नव्हते. पण वीस झोंबी समोरून येताना जवळून पाहिलं तर खटकत होतं ते मॉडेल नव्हतंच. वीसही जण एकाच क्षणी डावा पाय उचलत होते. कवायत. प्रत्येकाचं चालणं वेगवेगळ्या टप्प्यावर सुरू केलं, वेग ०.९ ते १.१ च्या दरम्यान पसरवला, तीनातल्या एकाचं डोकं एका बाजूला कललेलं ठेवलं. अर्ध्या तासाचं काम. चेहरे तेच, पण झुंड झुंडीसारखी हलायला लागली.

आता माऊसची दुरुस्ती. ओळ काढणं एका मिनिटाचं, पण तसंच पाठवलं असतं तर संध्याकाळी शीट लाल झाली असती. आधीच्या खेळाडूंच्या मशीनवर सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे माऊस किती जलद फिरावा याचा, जुना आकडा सेव्ह झालेला आहे, समजा १८०. वेळेचा गुणाकार गेला की तोच १८० साठपट धावणार. माऊसला नुसता धक्का लागला तरी कॅमेरा भोवऱ्यासारखा फिरेल. म्हणून सेटिंगच्या फाईलमध्ये आवृत्तीचा आकडा घातला, आणि जुनी आवृत्ती दिसली तर पहिल्याच वेळी ६० ने भागायचं ठेवलं. फाईलमधल्या १८० चे ३ झाले. स्लायडरवर दिसणारा आकडा तोच राहिला. हिटबॉक्स शुक्रवारच्या आधीच्या मापावर परत.

पण ६० ने भागणं ६० फ्रेमवर खेळणाऱ्यालाच नेमकं बसतं. १४४ वाल्याचा माऊस या पॅचनंतर, म्हणजे दुरुस्तीनंतर, २.४ पट जलद होणार, आणि ३० वाल्याचा निम्मा. हे आधी सांगितलं नाही तर बरोबर केलेली गोष्टसुद्धा बिघाड वाटते. ‘माऊस सुधारला’ असं मोघम लिहायला माझा विरोध होता. पॅचच्या टिपणीत पहिल्या ओळी अशा गेल्या: माऊसचा वेग फ्रेम रेटप्रमाणे बदलत होता, आता बदलणार नाही. तुमचा फ्रेम रेट ६० पेक्षा जास्त असेल तर माऊस जलद वाटेल, कमी असेल तर संथ. सेटिंगमध्ये स्लायडर एकदा नव्याने लावा. गेमपॅडमध्ये काहीही बदल नाही.

साडेसहाला बिल्ड आधी पासवर्ड लावलेल्या टेस्ट ब्रँचवर, म्हणजे स्टीमवरच्या चाचणीच्या वेगळ्या आवृत्तीवर, टाकला. नेमाबद्दल सविस्तर लिहिलेल्या चार रिव्ह्यूंखाली उत्तरं दिली: काय सापडलं, कुठे बदललं, ब्रँच कशी निवडायची, पासवर्ड काय. रिव्ह्यू बदला असं त्यात कुठेही लिहिलं नाही. ते मागायचं नसतं. ज्याचा अनुभव आहे तो ठरवेल.

रात्री नऊच्या सुमारास १४४ हर्ट्झवाल्याचं उत्तर आलं. स्लायडर ९ वर होता, सुरुवातीला कॅमेरा अंगावर आला म्हणे, मग तो पावणेचारवर आणून बसवला. गोदामातली तिसरी लाट पार केली. आता वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्यात, चौथ्या पायरीवर, झोंबी अडकून उभे राहतात, ते बघा. शीटमध्ये नवीन ओळ घातली, जिन्याचा स्क्रीनशॉट मागवला.