गोव्याचा ठराव एका मताने पडला होता

गोवा मुक्तीचा विषय निघाला की लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा, १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलणारे सत्याग्रही, ऑपरेशन विजय हे सगळं आपल्याकडे बोललं जातं आणि बोललं जायलाच हवं. पण आपलं सैन्य गोव्यात शिरलं त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताच्या विरोधात ठराव आला होता, आणि त्याला पुरेशी मतं पण पडली होती, हे मराठीत फार कमी वाचायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१८ डिसेंबर १९६१. पोर्तुगालने तक्रार केली आणि परिषद तातडीने बसली. भारताची बाजू सी. एस. झा मांडत होते, त्यांचं म्हणणं असं की ही साडेचारशे वर्षांपूर्वी बळकावलेली जमीन आहे, वसाहत आहे, आमच्याच भूमीवर आम्ही आक्रमण कसं करू? आणि याला आधारही होता, कारण वर्षभर आधी, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने (म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेने) ठराव करून पोर्तुगालच्या वसाहतींच्या यादीत गोवा घातला होता. अमेरिकेचे ॲडलाई स्टीव्हन्सन मात्र भयंकर संतापले होते, ही संयुक्त राष्ट्रांच्या मरणाची सुरुवात ठरू शकते इथपर्यंत ते बोलले. मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या चौघांनी ठराव आणला की लढाई ताबडतोब थांबवा आणि भारताने सैन्य १७ डिसेंबरच्या आधी जिथे होतं तिथे मागे न्यावं.

आता आकडे नीट बघा. तेव्हा परिषदेत ११ देश होते आणि ठराव पास व्हायला ७ मतं लागायची. या ठरावाला बरोबर ७ पडली: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर आणि चीन (म्हणजे तेव्हाचं तैवानचं सरकार). विरोधात ४: सोव्हिएत युनियन, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. साध्या मोजणीने ठराव पास. पण त्या चार हातांमधला सोव्हिएत युनियनचा हात कायम सदस्याचा होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत युनियन (आता रशिया) आणि चीन या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोध केला तर ठराव पडतो, यालाच व्हेटो म्हणतात, आणि तेवढ्यावर ठराव खलास. सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तने भारताच्या बाजूने आणलेला दुसरा ठराव ४ विरुद्ध ७ असा पडला. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे आपल्याकडची दुसऱ्या दिवसाची सकाळ, १९ तारखेला सैन्य पणजीत होतं आणि संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली. पुढे आमसभेतही हा विषय कुणी रेटला नाही, तिथे दोन तृतीयांश मतं मिळण्यासारखी नव्हतीच.

मला इथे जे दिसतं ते असं की व्हेटोने गोवा आपल्याला मिळवून दिला नाही. व्हेटोने फक्त परिषदेचे हात बांधले, आणि एकदा परिषद गप्प झाली की जमिनीवर जे चाललंय तेच पुढे चालू राहतं. १९६१ मध्ये जमिनीवर जे चाललं होतं ते न्याय्य होतं असं मी ठामपणे मानतो. पण तो न्याय त्या नियमात कुठेच नव्हता, मॉस्कोला तेव्हा भारत जवळचा वाटत होता एवढंच.

१९७१ ला परत तेच. ४, ५ आणि १३ डिसेंबरला युद्धबंदीचे ठराव आले, तिन्ही वेळा सोव्हिएत युनियनने व्हेटो टाकला. मधल्या काळात विषय आमसभेत गेला, तिथे व्हेटो नसतो, आणि ७ डिसेंबरला १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ११. पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. आणि लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७२ मध्ये, कम्युनिस्ट चीनने आपला पहिला व्हेटो कशासाठी वापरला तर बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळू नये म्हणून! त्या नव्या देशाला १९७४ पर्यंत ताटकळावं लागलं.

मुळात हा नियम आला कसा? १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद ठरत होती तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने लहान देशांनी व्हेटोला जोरदार विरोध केला होता. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सांगितलं की खुशाल घरी जाऊन सांगा आम्ही व्हेटो हाणून पाडला, पण सनदही फाडली हेही सांगा, आणि हातातला मसुदा सगळ्यांसमोर टराटरा फाडून टाकला. लहान देशांपुढे पर्यायच ठेवला नव्हता, व्हेटोसकट संघटना घ्या नाहीतर संघटनाच नाही.

सनदेचं कलम २७ वाचलं तर गंमत वाटते की त्यात व्हेटो हा शब्दच नाही. आज १५ सदस्यांत ९ मतं लागतात आणि त्यात पाचही कायम सदस्यांची संमती हवी, कामकाजाच्या पद्धतीचे प्रश्न सोडून. तटस्थ राहिलं तर व्हेटो धरत नाहीत, ही प्रथा पडत गेली आणि १९७१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ती मान्य केली. गैरहजर राहिलात तरी काम थांबत नाही, हे सोव्हिएत युनियनला १९५० मध्ये कळलं, चीनची जागा कम्युनिस्ट सरकारला दिली नाही म्हणून बहिष्कार टाकून ते बाहेर बसले आणि नेमके तेव्हाच कोरियाचे ठराव पास झाले.

पण त्याच कलमात अजून एक ओळ आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. वाद शांततेने मिटवण्याचे ठराव असतील तर त्या वादात जो देश स्वतः पक्षकार आहे त्याने मतदान करू नये. १९४७ मध्ये अल्बेनियाबरोबरच्या कॉर्फूच्या सामुद्रधुनीच्या भांडणात ब्रिटनने हे पाळलं होतं, मतदानात भाग घेतला नाही. नंतर ही ओळ जवळजवळ विसरली गेली. आणि लष्करी किंवा आर्थिक कारवाईच्या ठरावांना ती मुळात लागूच होत नाही, तिथे आरोपी देश स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊन बसतो. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या ठरावाला ११ मतं पडली, भारत, चीन आणि यूएई तटस्थ, आणि रशियाने एकट्याने तो पाडला, त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. ८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धबंदीसाठी १३ मतं पडली, ब्रिटन तटस्थ, अमेरिकेने एकटीने अडवलं. चार दिवसांनी आमसभेत १५३ देशांनी युद्धबंदी मागितली, त्यात भारत पण होता. तिथे तेव्हा रोज माणसं मरत होती, लहान मुलं मरत होती, आणि एवढ्या देशांचं म्हणणं एका हातापुढे चालत नाही हे मला सहन होत नाही.

म्हणून भारताच्या भूमिकेबद्दल थोडं बोलायचंय. आपल्याला कायम जागा हवी हे बरोबरच आहे, १४० कोटींचा देश बाहेर ठेवून ही परिषद जगाच्या नावाने कसं बोलणार. पण आपली मागणी अशीही असते की व्हेटो राहणारच असेल तर नव्या कायम सदस्यांनाही द्या, आणि हे मला पटत नाही. पाचाचे सहा किंवा दहा हात झाले तर अडवणारे वाढतील, गाझासारख्या ठिकाणी अडकलेल्या माणसाला त्याने काय मिळणार? व्हेटो काढून टाकणं तर जवळपास अशक्य आहे, कारण कलम १०८ नुसार सनद बदलायची तर त्याच पाच देशांची मंजुरी लागते. पण छोट्या गोष्टी होतात. लिखटेनस्टाइनसारख्या इवल्याशा देशाच्या पुढाकाराने एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने ठरवलं की कुणीही व्हेटो टाकला की दहा कामकाजाच्या दिवसांत त्यावर आमसभेत चर्चा होणार, म्हणजे निदान सगळ्या जगासमोर उत्तर द्यायची वेळ येते.

२०२८-२९ च्या तात्पुरत्या जागेसाठी भारताने उमेदवारी जाहीर केलेली आहे. ती मिळाली तर त्या दोन वर्षांत आपल्याकडे व्हेटो नसेल, पण परिषदेत बसून नियमावर बोट ठेवायचा हक्क असेल, आणि जो देश युद्धात उतरलाय त्याने त्या युद्धावर मत देऊ नये ही मागणी भारताने दर वेळी, मित्रदेश असला तरी, नाव घेऊन करावी.