जिथे पाहिलंच नाही, तिथला 'निगेटिव्ह'

पेशंट बारामतीकडच्या, वय चाळिशीच्या आसपास, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जतन केलेल्या तुकड्यावर) इम्युनो, म्हणजे प्रथिनं रंगवून बघायची तपासणी, झालेलं होतं. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांपैकी एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 तिन्ही व्यवस्थित, पीएमएस2 प्रथिन तेवढं गायब. असं दिसलं की लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराचा, संशय धरायचा आणि पीएमएस2 जनुकात आनुवंशिक बिघाड शोधायचा. एका लॅबने पॅनेल (बऱ्याच जनुकांची एकत्र तपासणी) केलंही होतं. 'रोगकारक बदल आढळला नाही' एवढंच लिहून मोकळे. त्या ओळीच्या भरवशावर धाकट्या भावाने आपली कोलोनोस्कोपी रद्द केली.

आमच्याकडे पुण्यात केस आली ती 'एकदा बघून घ्या' म्हणून. कच्चा डेटा मागवून आयजीव्ही या डीएनए डेटा बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. जनुकाच्या सुरुवातीला रीड (मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) करडे, भरीव. शेवटच्या एक्सॉनांकडे (जनुकातल्या, प्रथिनाची कृती असलेल्या भागांकडे) सरकले तर सगळे पांढरे, पोकळ. म्हणजे मॅपिंग क्वालिटी शून्य: तो तुकडा नेमका कुठला, याची खात्रीच नाही. त्याच 7व्या गुणसूत्रावर पीएमएस2सीएल हे स्यूडोजीन, म्हणजे प्रथिन न बनवणारं 'मेलेलं' जनुक, आहे, एक्सॉन 9 आणि 11 ते 15 यांची जवळजवळ हुबेहूब नक्कल. रीड अस्सल जनुकाचा की नकलेचा हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, मग ते रीड सोडून देतं. आणि रिपोर्टात त्याबद्दल अवाक्षर नाही. याची मला अजूनही चीड येते.

उपाय ठाऊक असलेलाच आहे, पण वेळखाऊ. एक्सॉन 10 नकलेत नाही. प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा तुकडा) तिथे बसवून 15पर्यंत लाँग-रेंज पीसीआर, म्हणजे डीएनएच्या लांब पट्ट्याच्या प्रती काढायची पद्धत, लावला की वाढतं ते अस्सल जनुकच. डीएनए तुटका असेल तर बँड (वाढलेल्या डीएनएची रेघ) उमटतच नाही, म्हणून रक्त नव्याने मागवलं. जेलवर एकच ठसठशीत बँड आला. त्यावरून सँगर, म्हणजे एकेक अक्षर वाचणारं सिक्वेन्सिंग, केलं, तर एक्सॉन 14मध्ये एका जागेपासून पुढे शिखरांवर शिखरं चढलेली. फ्रेमशिफ्ट! अक्षरं कमी-जास्त होऊन पुढचं सगळं वाचन सरकलेलं.

आमची ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, ही मेलेली जनुकं नुसती कामात खो घालतात." हुशार मुलगी आहे, पण हे मला पटत नाही. पीटेन जनुकाचं स्यूडोजीन पीटेनपी1 प्रथिन बनवत नाही, तरी त्याचा आरएनए पीटेनला दाबणारे मायक्रोआरएनए स्वतःवर ओढून घेतो, त्यामुळे कॅन्सर रोखणारं पीटेन शाबूत राहतं. हे 2010मध्ये दाखवलं गेलं. काही गाठींमध्ये पीटेनपी1ची प्रतच गळालेली सापडली. 2015मध्ये तर बीरॅफ या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकाच्या स्यूडोजीनचा आरएनए वाढवल्यावर उंदरांना लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) झाला. मेलेलं म्हणून बाजूला टाकायची सवय आपल्याला लागली आहे, आणि पॅनेलही त्याच सवयीने आखली जातात.

भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "पण ताईचा रिपोर्ट निगेटिव्ह होता ना?" त्याच्यात तोच बदल निघाला. कोलोनोस्कोपीची तारीख घेतली आहे.

आमच्या रिपोर्टात आता या एक्सॉनांसाठी वेगळी ओळ असते: तपासले की नाही. त्या पहिल्या लॅबला मी सविस्तर लिहिलं, उत्तर नाही. पीएमएस2 गायब असलेल्या आणखी किती जणांना त्यांनी तसाच निगेटिव्ह रिपोर्ट दिला असेल, आणि त्यांना परत बोलावणार कोण?