गूळ की शेवग्याची पावडर? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, अंगात रक्त वाढायला गूळ चांगला की शेवग्याची पावडर?"

स्टॉलवर दर तिसरं गिऱ्हाईक हेच विचारतं, कारण दोन्ही माझ्याकडेच मिळतं. गूळ आमच्या गुऱ्हाळातला, पाल्याची पावडर आमच्या बचत गटाची. मी हसून म्हणते, "दोन्ही घ्या की." धंदा आहे शेवटी. आज नीट सांगते.

१०० ग्रॅमचा हिशेब लावलात तर पावडर सरळ जिंकते. गुळात लोह साधारण ५ मिलिग्रॅम, पावडरीत २५-३०. वर प्रथिनं आणि कॅल्शियम. पण १०० ग्रॅम पावडर खातंय कोण? चहाचा चमचा म्हणजे ३ ग्रॅम, त्यात १ मिलिग्रॅमही लोह नाही. गुळाचा १० ग्रॅमचा खडा घ्या, त्यात अर्धा. बाईमाणसाला दिवसाला लागतं २९. त्यात आपण गूळ खातो चहातून, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही.

म्हणून गुळाला नावं ठेवायची नाहीत हं. साखरेत तेवढंही नसतं. पण "शुगर आहे, गूळ चालतो ना?" असं विचाराल तर नाही चालत. तीही साखरच.

हे मला आधीपासून ठाऊक होतं असं समजू नका. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सहावा महिना होता. दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीनं तिला मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही. मीच म्हणाले, "मग सोड की. आपला गूळ काय मेलाय?" रोज सकाळी गूळ-शेंगदाणे मी तिच्या हातावर ठेवायचे. गोळ्यांची पाकिटं फळीवर, लोणच्याच्या बरणीमागं. जिना चढताना ती मध्येच थांबायची, आम्ही म्हणायचो, दिवस भरत आलेत, व्हायचंच. आठव्या महिन्यात तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२.

सलाईन लावलं. बाटलीतलं पाणी गडद तपकिरी, थेट पातळ काकवीसारखं. नर्सला नाव विचारलं. म्हणाली, "आयर्न सुक्रोज." सुक्रोज म्हणजे साखर, एवढं मला कळत होतं. म्हणजे लोह साखरेतूनच चाललं होतं, फक्त आमच्या नाही. बहीण डोळे मिटून पडली होती. मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. घरी येऊन मी हिशेब केला: एका गोळीला सव्वा किलो गूळ.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. आजीनं कुठं गोळ्या खाल्ल्या? तिची अकरा बाळंतपणं झालीच ना? झाली. जगली किती, ते आमच्यात कुणी मोजत नाही. आणि पूर्वी गूळ शिजवायची काहील लोखंडाची असायची, गुळात लोह जास्त उतरत असेल, हेही मला अधूनमधून वाटतंच.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तेच बाळ आता आठवीत. परवा शाळेत तपासणी झाली, तिचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं. बहिणीचा फोन आला, "गोळ्या चालू केल्यात, तू नुसती पावडर पाठव." पाठवली. सोबत एक ढेपही पाठवली. ती तिनं मागितली नव्हती.