शेवटच्या डोसची तारीख

आईच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता. केमोथेरपीसोबत दर तीन आठवड्यांनी बेव्हॅसिझुमॅबचे इंजेक्शन सुरू होते. गाठी लहान झाल्यावर यकृताचा तेवढा भाग काढता येईल, असे सर्जननी सांगितले. तपासण्या, रक्ताची सोय, विम्याची मंजुरी, सगळे आठवड्याभरात उरकले.

अडले ते एका तारखेपाशी. खिडकीवर आम्हाला 3 मे ही तारीख मिळाली. आईच्या डे-केअर कार्डावर फक्त 'केमो, 14 एप्रिल' एवढेच लिहिले होते, आणि भूलपूर्व तपासणीच्या फॉर्ममध्ये रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचे रकाने असले तरी या औषधासाठी रकानाच नव्हता. पहिल्या डोसच्या वेळी सिस्टरांनी मला बजावले होते, की ऑपरेशन ठरले तर या इंजेक्शनचे नाव आधी सांगा. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ नयेत म्हणून ते दिले जाते. पण जखम भरून यायलाही तशाच नव्या रक्तवाहिन्या लागतात. शिवाय त्याचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे 20 दिवस लागतात, म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान 28 दिवस ते बंद असावे लागते. मी बोटांवर मोजले, तर 3 मेपर्यंत जेमतेम 19 दिवस होत होते.

हे सांगितल्यावर उत्तर मिळाले, "कॅन्सरवाल्या डॉक्टरांचे पत्र आणा." तिथे गेले, तर "ताई, सर राउंडवर आहेत, उद्या या." नागपूरच्या त्या उन्हात हे 'उद्या' चार दिवस चालले, आणि तो संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पाचव्या दिवशी मी ओपीडीच्या दारातून हललेच नाही. धंतोलीतील दुकानातून आणलेल्या इंजेक्शनचे रिकामे खोके मी जपून ठेवले होते. ते पाहताच डॉक्टरांनी औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख अशा तीन ओळी लिहून दिल्या, ज्यांना दोन मिनिटेही लागली नाहीत. सर्जननी ते वाचून लगेच 24 मे ही तारीख दिली. यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना सहा आठवड्यांच्या जवळपासचे अंतर हवे होते.

एकाच औषधाची कंपनीगणिक वेगवेगळी नावे असतात, म्हणून कार्डावर मूळ नावही लिहून घ्यावे. रक्तवाहिन्यांची वाढ अशीच रोखणाऱ्या कर्करोगाच्या गोळ्यांचे गणित वेगळे आहे: सुनिटिनिब तीन आठवडे आधी थांबवतात, तर ॲक्सिटिनिब दोनच दिवस, मात्र बंद करण्याचा निर्णय आपण स्वतः घेऊ नये. दात काढायचा असला तरी दंतवैद्यांना हे सांगायलाच हवे.

शस्त्रक्रियेनंतर 28 दिवस उलटले तेव्हा टाक्यांच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढी जागा ओलसर होती. डॉक्टरांनी इंजेक्शन आणखी पुढे ढकलले, आणि खपली पडून खाली गुलाबी कातडी दिसल्यावरच ते पुन्हा लिहून दिले.